पाळी का थांबते? शरीराचा आखडता हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे पाळी येण्याला किती शब्द आहेत पाहा. आजी म्हणायची 'कावळा शिवला', आई म्हणते 'अडचण आहे', मुलगी म्हणते 'डेट आली'. पाळी न येण्याला मात्र एकच शब्द, 'पाळी चुकली'. आणि त्याचा अर्थही आपण एकच लावतो. लग्न झालेलीची चुकली की पेढे, न झालेलीची चुकली की घरात कुजबुज. पण दिवस गेलेले नाहीत, गर्भाशयात काही दोष नाही, पाळी जाण्याचे वयही नाही आणि तरी महिनोन्‌महिने पाळी येत नाही, अशा पुष्कळ मुली आणि स्त्रिया असतात. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत कारण जेवणाच्या ताटात आणि दिवसाच्या वेळापत्रकात दडलेले असते. आज त्याविषयी बोलू.

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. गावाहून पुण्याला येऊन चार मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली होती. पहाटे मैदानावर धावायचे, दिवसभर अभ्यासिकेत बसायचे, संध्याकाळी पुन्हा व्यायाम. आठ महिने पाळी नव्हती. आई म्हणाली, "मॅडम, पोरीचं लग्नाचं वय झालंय. काहीतरी गोळी द्या, पण पाळी आणा." मुलगी गप्प होती. तिच्या फाईलमध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि एका चिठ्ठीवर 'पीसीओडी' असे लिहिलेले होते. भात, बटाटा, तेल-तूप बंद करून वजन उतरवायचे, असे तिला सांगण्यात आले होते आणि ती ते मनापासून पाळत होती. तिची उंची पाच फूट चार इंच आणि वजन ४५ किलो. यातून आणखी काय उतरवायचे?

मी विचारले, "बाळा, काल दिवसभरात काय काय खाल्लंस?"

"सकाळी चहा घेतला. मग दुपारी डबा."

"आणि रात्री?"

"तोच डबा, मॅडम. एक डबा दोन वेळा पुरवते."

तपासण्या पुढे सगळ्या केल्या, त्या कराव्याच लागतात. पण निदानाची अर्धी वाट त्या एका वाक्यात चालून झाली होती.

वेळापत्रक ठरते डोक्यात

पाळी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गर्भाशय येते. पाळीचे वेळापत्रक मात्र ठरते डोक्यात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा, बदामाएवढा भाग असतो. भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान या सगळ्यांवर त्याची देखरेख असते. हाच भाग साधारण तासा-दीड तासाने जीएनआरएच नावाच्या हार्मोनचा एक ठोका सोडतो. तो शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत पोचतो. पिट्युटरी आपली हार्मोन्स रक्तात सोडते. त्यांच्यामुळे बीजांडकोशात स्त्रीबीज पिकते आणि इस्ट्रोजेन तयार होते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढते. बीज बाहेर पडल्यावर गर्भ राहिला नाही, तर सुमारे दोन आठवड्यांनी ते अस्तर गळून पडते. तीच पाळी.

मेंदूतल्या अशा हार्मोन्सवर काम करणाऱ्या रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली या शास्त्रज्ञांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे माकडिणींवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूतला हा भाग निकामी केलेल्या माकडिणींना ते हार्मोन दर तासाला एक ठोका या हिशेबाने दिले, तर पिट्युटरीचे काम पुन्हा सुरू होई. तेच हार्मोन सलग दिले, तर काम थांबे. म्हणजे नुसते हार्मोन असून भागत नाही. ते ठोक्याठोक्याने, योग्य लयीत यावे लागते. आपण ज्या विकाराबद्दल बोलतो आहोत त्यात नेमकी ही लय मंदावते. गर्भाशय चांगले असते, बीजांडकोशात बीजे असतात, पण वरून हुकूमच येत नाही.

हुकूम का येत नाही? कारण हायपोथॅलॅमस घरातल्या जमाखर्च सांभाळणाऱ्या बाईसारखा आहे. पैसे कमी पडले की ती आधी काय थांबवते? दूध, वीजबिल, मुलांची फी ती थांबवत नाही. लग्नाकार्याचा खर्च पुढे ढकलते. शरीरही तसेच करते. हृदय, मेंदू, श्वास हे चालू राहिलेच पाहिजेत. मूल वाढवणे हे त्याच्या दृष्टीने मोठे कार्य. आज अन्नच पुरत नाही, तर नऊ महिन्यांची जबाबदारी कशी घ्यायची? म्हणून ते हात आखडता घेते.

शरीरात चरबीचा साठा किती आहे, याची बातमी मेंदूला देणारे लेप्टिन नावाचे हार्मोन १९९४ मध्ये सापडले. चरबीच्या पेशींतूनच ते निघते. खाणे कमी झाले की त्याची पातळी काही दिवसांतच घसरते आणि मेंदूला टंचाईची वर्दी मिळते.

दुष्काळ आणि प्रयोगशाळा

ही गोष्ट जगाने मोठ्या प्रमाणावर पाहिली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट अडवली. माणशी रोजचा शिधा १,००० कॅलरींच्या खाली गेला आणि काही काळ तर ५००-६०० कॅलरींवर आला. असंख्य स्त्रियांची पाळी थांबली. नऊ महिन्यांनंतर तिथल्या जन्मांची संख्या एकदम खाली आली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला, अन्न पोचले, आणि थोड्याच काळात पाळ्या परतल्या, बाळे जन्माला येऊ लागली. औषध काय दिले होते? अन्न.

पण अशी टंचाई यायला दुष्काळच पडावा लागतो असे नाही. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात डॉ. ॲन लाउक्स यांनी पाळी नियमित असलेल्या निरोगी तरुणींवर नेमके मोजमाप करून प्रयोग केले. त्यांनी एक साधा हिशेब मांडला. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींमधून व्यायामात खर्च झालेल्या वजा करा. उरतील त्या शरीराच्या बाकीच्या संसारासाठी. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ४५ कॅलरी उरल्या, तर सगळे सुरळीत चालते. हा आकडा ३० च्या खाली गेला की अवघ्या पाच दिवसांत मेंदूच्या हुकमांची लय मंदावू लागते. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधी १९९८ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. व्यायाम भरपूर केला, पण खर्च झालेले अन्न भरून दिले, तर लय बिघडत नाही. थोडक्यात, दोष व्यायामाचा नाही, न भरलेल्या खर्चाचा आहे.

हे आपल्या भाषेत मांडू. पन्नास किलो वजनाची मुलगी घ्या. तिच्यात चौथा हिस्सा चरबी धरली, तर उरले सुमारे साडेसदतीस किलो. तिला व्यायामाचा खर्च वजा जाता रोज सुमारे १,७०० कॅलरी उरायला हव्यात. १,१०० च्या आसपास आली की धोक्याची रेषा. ती आठ किलोमीटर धावली, तर त्यात साधारण ४०० कॅलरी जातात. आता तिने दिवसभरात १,४०० कॅलरी खाल्ल्या असतील, तर उरल्या हजारच. बघणाऱ्याला वाटते, पोरगी जेवते की! ती स्वतःही म्हणते, मी उपाशी नाही. पण हिशेबाची वही तुटीची निघते. ही रेषा सगळ्यांची तंतोतंत एकच नसते, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले. एखादीची पाळी थोड्याशा तुटीने थांबते, एखादीची बरेच दिवस टिकते. दिशा मात्र तीच.

म्हणूनच हा विकार फक्त हाडकुळ्या मुलींचा आहे असे समजू नका. वजन ठीक असूनही चार महिन्यांत दहा-बारा किलो उतरवले, तर पाळी थांबू शकते. लग्नाआधी डाएटिंग करणारी मुलगी, नृत्याच्या कार्यक्रमासाठी रोज चार-चार तास सराव करणारी, मॅरेथॉनची तयारी करणारी, आठवड्यातून तीन उपवास आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी, या सगळ्या एकाच रांगेत बसतात. त्यात मनावरचा ताण आणि अपुरी झोप यांची भर पडते. परीक्षा, नोकरीची धास्ती, घरातले आजारपण, नवऱ्याशी बेबनाव. मेंदूच्या लेखी हेही टंचाईचेच दिवस.

पीसीओडी वेगळा, हे वेगळे

आता त्या चिठ्ठीवरच्या 'पीसीओडी'कडे वळू, कारण घोटाळा इथेच होतो. हल्ली पाळी लांबली की पीसीओडी, असे समीकरण झाले आहे. पीसीओडी किंवा पीसीओएस हा विकार खरा आहे आणि तो पुष्कळ जणींत आढळतो. त्यात पुरुषी हार्मोन्स वाढतात, चेहऱ्यावर लव येते, मुरमे येतात, अनेकींचे वजन वाढते, इन्शुलिनचे काम बिघडते. तिथे वजन जास्त असेल, तर ते थोडे उतरवणे आणि व्यायाम वाढवणे हा सल्ला योग्यच आहे.

पण हुकूम न मिळाल्याने स्वस्थ बसलेल्या बीजांडकोशातही सोनोग्राफीत पुष्कळ छोटी छोटी बीजकोशिका दिसू शकतात. चित्र पीसीओडीसारखे भासते. सोनोग्राफीच्या एका ओळीवरून निदान केले, तर उपाशी मुलीला आणखी कमी खायला सांगितले जाते. माझ्याकडे आलेल्या मुलीचे तेच झाले होते. तिच्या चेहऱ्यावर लव नव्हती, मुरमे नव्हती, हातपाय गार पडत, केस गळत, झोप लागत नसे. रक्ततपासणीत पिट्युटरीची हार्मोन्स खालच्या अंगाला, इस्ट्रोजेन अगदी कमी. पीसीओडीचे चित्र असे नसते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. वजन कमी असताना किंवा नुकतेच झपाट्याने उतरले असताना पाळी थांबली आणि कोणी वजन आणखी उतरवायला सांगितले, तर पुन्हा एकदा विचारा. हवे तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

'गोळी द्या, पण पाळी आणा'

आईची ही मागणी स्वाभाविक होती. गोळ्या देऊन रक्तस्राव आणता येतो. गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट सुरू केले की दर महिन्याला रक्त दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. पण ती गोळीने आणलेली पाळी असते. मेंदूचा हुकूम अजून बंदच असतो. गोळ्या थांबवल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि मधल्या एक-दोन वर्षांत मूळ तूट झाकली जाते. हार्मोन्सवर काम करणाऱ्या अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने, एंडोक्राइन सोसायटीने, २०१७ मध्ये या विकारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ पाळी दिसावी किंवा हाडे सुधारावीत एवढ्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, आधी आहार, व्यायाम आणि मनावरचा ताण दुरुस्त करावा, असा त्यांचा सल्ला आहे.

हाडे इथे कुठून आली, असे तुम्हाला वाटेल. पाळी थांबली तर काय बिघडले, उलट सुटका, असे म्हणणाऱ्या मुलीही मला भेटतात. बिघडते ते इथे. हाडांची बळकटी विशी-पंचविशीपर्यंत जमा होत असते आणि ती जमा व्हायला इस्ट्रोजेन लागते. १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या खेळाडू तरुणींच्या मणक्यांची घनता मोजली. त्या मुलींचे सरासरी वय पंचवीस होते. मणके मात्र एक्कावन्न वर्षांच्या बाईचे असावेत तसे निघाले. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही तूट भरून येत नाही, कारण हाडांत ते टिकवून धरणारे इस्ट्रोजेनच नसते. माझ्याकडे आलेल्या मुलीची नडगी दोन महिने दुखत होती. ती रोज पट्टी बांधून धावत होती. तपासले तेव्हा हाडाला बारीक चीर निघाली.

खेळाडूंच्या बाबतीत या सगळ्याची दखल आता जगभर घेतली जाते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी सांगितले, की खाण्यातली ही तूट पाळीपुरती नसते. हाडे, हृदय, प्रतिकारशक्ती, मन आणि खेळातली कामगिरी या सगळ्यांवर तिचा परिणाम होतो. आणि पुरुष खेळाडूही त्यातून सुटत नाहीत.

आधी तपासणी

माझे बोलणे ऐकून कोणी घरच्या घरी निदान करू नये. पाळी थांबण्याची कारणे अनेक आहेत. सगळ्यात पहिले कारण गरोदरपण. ती तपासणी आधी. बाळ अंगावर पीत असेल तर पाळी उशिरा येणे नैसर्गिक आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारे 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतले असेल तरीही पाळी थांबू शकते, त्यात काळजीचे कारण नाही. याखेरीज थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिन हार्मोन वाढणे, बीजांडकोश अकाली थकणे, काही मानसोपचाराची औषधे, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा गर्भाशयाचा क्षयरोग, ही सगळी कारणे पाहावी लागतात. पूर्वी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मुलगी पंधरा वर्षांची होऊनही पाळी सुरू झाली नसेल, तरी दाखवा. पाळीबरोबर सतत डोकेदुखी, नजर अधू होणे किंवा बाळ नसताना स्तनातून दूध येणे असे काही असेल, तर तीन महिनेही थांबू नका.

मग करायचे काय?

बाकीची कारणे नाहीत असे ठरले, की उपाय तीन. पोटभर अन्न, व्यायामाला लगाम आणि मनाला विसावा.

पहिले अन्न. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात व्यायाम करणाऱ्या आणि पाळी अनियमित झालेल्या तरुणींवर वर्षभर एक प्रयोग झाला. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही जणींनी रोजच्या खाण्यात सरासरी ३०० ते ३५० कॅलरींची भर घातली. व्यायाम चालूच होता. ज्यांनी भर घातली त्यांच्यात पाळी येण्याचे प्रमाण बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त निघाले, आणि वजन थोडेच वाढले. आता ३०० कॅलरी म्हणजे किती? मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाणे आणि पेलाभर गाईचे दूध. एवढेच! जिची तूट मोठी आहे तिला अर्थात जास्त लागेल.

आपल्या आयसीएमआरने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीलाही रोज १,६६० कॅलरी लागतात. मध्यम कष्टाचे काम असेल तर २,१३०, जड कष्टाला २,७२०. सकाळ-संध्याकाळ मैदानावर असणारी मुलगी बैठ्या स्त्रीपेक्षा कमी खाते, तेव्हा काय होणार ते उघड आहे.

मी मुलींना असे सांगते. रिकाम्या पोटी धावू नका. निघण्याआधी एक केळे किंवा दोन खजूर खा. आल्यावर तासाभरात पोहे, उपमा किंवा थालीपीठ, बरोबर अंडे किंवा दूध. दुपारी भाकरी किंवा पोळी, डाळ, भाजी, भात आणि वर तुपाची धार. भात शत्रू नाही, तूपही नाही. संध्याकाळी शेंगदाण्याचा किंवा तिळाचा लाडू, नाही तर नाचणीची खीर. रात्री पुन्हा पूर्ण जेवण. मांस-मासे खाणाऱ्यांनी ते खावे, न खाणाऱ्यांनी डाळी, उसळी, दही, पनीर वाढवावे. काकडी, गाजर, कोबी यांनी ताट भरते, पोटही भरते, पण हिशेबाच्या वहीत फारसे जमा होत नाही. म्हणून कोशिंबीर शेवटी, आधी भाकरी.

उपवासाचे विचाराल, तर उपवास मोडा असे मी कोणाला म्हणत नाही. पाळी परत येईपर्यंत निर्जळी उपवास आणि एकभुक्त बाजूला ठेवा. आजारपणात सूट असतेच. घरातल्या मोठ्या मंडळींना पटत नसेल, तर माझे नाव सांगा.

एक सावधगिरी. वजन फारच घटले असेल, चक्कर येत असेल, अनेक दिवस जवळजवळ उपाशी काढले असतील, तर एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा वेळी रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकते. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करायची.

दुसरा व्यायाम. तो कायमचा सोडायचा नाही. काही महिने धावणे निम्म्यावर आणायचे, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची. चालणे, सूर्यनमस्कार, हलकी आसने चालतील. हाड दुखत असेल तर धावणे बंद, त्यात घासाघीस नाही.

तिसरे मन आणि झोप. डॉ. सारा बर्गा यांनी २००३ मध्ये एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी थांबलेल्या सोळा स्त्रिया होत्या. आठ जणींना वीस आठवडे समुपदेशन दिले. खाणे, व्यायाम, वजन आणि स्वतःकडून असलेल्या अपेक्षा यांविषयीचे विचार तपासून बदलायला शिकवले. त्यांतल्या सहा जणींचे स्त्रीबीज पुन्हा नियमाने बाहेर पडू लागले. नुसत्या निरीक्षणाखाली ठेवलेल्या आठ जणींत असे एकीचेच झाले. म्हणजे मनाची समजूत पटली, की बीजांडकोशापर्यंत पोचते. खाण्याचीच भीती वाटणे, लपवून अन्न टाकून देणे, खाऊन ओकणे, आरशात स्वतःला सारखे जाड समजणे, असे दिसले तर त्याला नखरे म्हणू नका. तो आजार आहे आणि त्यावर मानसोपचार लागतात. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

धीर हवा

पाळी किती दिवसांत येईल? हा प्रश्न प्रत्येकीचा असतो. काहींची तीन महिन्यांत येते, अनेकींना सहा महिने ते वर्ष लागते. पाळी थांबली तेव्हा जे वजन होते, त्याहून साधारण दोन किलो वर गेल्यावर ती परतते, असे खाण्याच्या आजारातून बऱ्या होणाऱ्या मुलींत दिसून आले आहे. शरीराला टंचाई संपल्याची खात्री पटायला वेळ लागतो. आठ दिवस नीट जेवले आणि पुन्हा पूर्वपदावर, असे केले तर ते विश्वास ठेवत नाही. मात्र पाळी येण्याआधी काही खुणा दिसू लागतात. हातपाय गार पडणे कमी होते, भूक वेळेवर लागते, झोप लागते, अंगावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ स्राव जाऊ लागतो. या खुणा आल्या की समजावे, हुकूम पुन्हा सुटू लागले.

विवाहित स्त्रियांसाठी एक सूचना. स्त्रीबीज आधी बाहेर पडते आणि पाळी नंतर येते. त्यामुळे पहिली पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर 'पाळीच नाही, मग काय' या समजावर राहू नका. मूल हवे असेल, तर आधी वजन आणि आहार नीट करा. अशक्त शरीरात औषधाने गर्भ धरला, तर गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो.

सहा महिने ते वर्षभर मनापासून सगळे करूनही पाळी आली नाही, तर हाडे सांभाळण्यासाठी डॉक्टर काही काळ त्वचेवाटे इस्ट्रोजेन देतात आणि त्याबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. पण तेव्हाही ताट आणि विश्रांती सुटत नाही.

आमच्या त्या मुलीचे काय झाले? दोन डबे लावायचे म्हणजे दुप्पट पैसे, हा तिचा खरा प्रश्न होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो सुटत नाही. आईने मार्ग काढला. गावाहून दर पंधरा दिवसांनी एसटीने शेंगदाण्याचे लाडू, भाजणी आणि तूप येऊ लागले. खोलीतल्या मुलींनी मिळून एक छोटा कुकर घेतला. रात्री खिचडी होऊ लागली. नडगीच्या चिरेमुळे त्या वर्षीची भरती तिला सोडावी लागली. त्या दिवशी ती माझ्यासमोर खूप रडली. मलाही तिला काय सांगावे ते सुचले नाही. अकराव्या महिन्यात तिचा फोन आला, "मॅडम, आली." तेव्हा तिचे वजन ५१ किलो होते. पुढच्या वर्षी ती पुन्हा मैदानात उतरली, पण या वेळी न्याहारी करून.

आयाबहिणींनो, मुलगी घरापासून दूर राहत असेल, तर फोनवर 'अभ्यास झाला का' हे आपण रोज विचारतो. कधी तरी 'पाळी वेळेवर येते ना' हेही विचारा. आणि ती 'नाही' म्हणाली, तर घाबरून जाण्याआधी, कुणाला गोळी मागण्याआधी, एक साधा प्रश्न विचारा, "काल रात्री काय जेवलीस?"